गजभिये सिस्टरांचं पाहणं

गजभिये सिस्टर ट्यूबलाइटखाली बाळ कधी पाहत नसत. "या उजेडात धडधाकट पोट्टंही काविळीचं दिसते," असं म्हणून त्या बाळाला उचलायच्या आणि दवाखान्याच्या मागच्या दाराशी न्यायच्या. तिथे फरशीचं लहानसं अंगण होतं, वरून मोकळं. आधी हात धुवायच्या, तळवे एकमेकांवर घासून ऊन करायच्या, मग चष्मा काढून पदराने पुसायच्या. एवढं होईतो बाळाची आई घायकुतीला आलेली असायची. मग हुकूम सुटायचा, "काढ सगळे कपडे." आई म्हणायची, दाणे तर गालावर आहेत. सिस्टर म्हणायच्या, "गाल मले इथूनच दिसून राह्यले. जे तू दाखवून नाही राह्यली, ते पाह्यचं हाय." काखा, जांघा, मानेच्या वळ्या, बेंबी, तळपाय, सगळं पाहून झालं की शेवटी चेहरा. आणि चेहरा पाहून झाल्यावरही लगेच बोलायच्या नाहीत. "आधी डोळे, मंग हात, तोंड सर्वात शेवटी," हे त्यांचं ठरलेलं होतं.

रायपूरच्या ब्राह्मणपाऱ्यातला तो दवाखाना एका धर्मादाय संस्थेचा, तीन खोल्यांचा. सकाळी दोन तास डॉक्टर यायचे. बाकीचा दिवस दवाखाना म्हणजे गजभिये सिस्टरच. त्या मूळच्या भंडाऱ्याकडच्या. नवरा रेल्वेत म्हणून लग्नानंतर रायपूरला आल्या, तो गेल्यावरही इथेच राहिल्या, आणि सरकारी इस्पितळातून रिटायर झाल्यावर या दवाखान्यात आल्या. ठेंगण्या, रुंद हाडाच्या. पांढऱ्या सुती साडीखाली कापडी बूट. घड्याळ मनगटावर न बांधता सेफ्टी पिनने खांद्याशी लटकवलेलं, कारण मनगटावरचं घड्याळ पोराला लागतं.

तेव्हा राज्य नुकतंच नवीन झालं होतं. भोपाळहून बदलून आलेल्यांना घरं मिळत नव्हती, शाळांच्या इमारतींवर खात्यांच्या पाट्या लागल्या होत्या, आणि सदर बाजारच्या गर्दीत लाल दिव्याची गाडी अडकून भोंगा वाजवत बसली की दुकानदार गंमत बघत बसायचे. सिस्टरांना या सगळ्याची भारी मौज वाटायची. दवाखान्यात मुलगा आला की म्हणायच्या, "आले का मंत्रीजी!" मुलगी आली की, "या कलेक्टर मॅडम, बसा." एखाद्या आजीने विचारलं की बाळाचा रंग पुढे कसा राहील, तर गंभीर चेहऱ्याने सांगायच्या, "सातही राहतील. इंद्रधनुष्य हाय."

माझी त्यांची ओळख झाली तेव्हा मी रडत होते. माझी रेवा बावीस दिवसांची होती. जन्मली तेव्हा तिचा चेहरा लोण्यासारखा होता, आणि आता दोन्ही गालांवर, कपाळावर, हनुवटीवर लाल दाण्यांची गर्दी. काहींना पांढरी टोकं. चार दिवसांनी नागपूरहून पाहुणे येणार होते. सासूबाई रोज दुधाची साय आणि बेसन लावून तोंड चोळत होत्या, तसतसे दाणे लाल होत होते. शेजारणीने निदान केलं की आईने शेंगदाणे खाल्ले. त्यामुळे मी आठ दिवस वरण-भातावर होते, तोही अर्धपोटी.

सिस्टरांनी रेवाला अंगणात नेलं. सगळं पाहून झाल्यावर प्रश्न सुरू केले. ताप आला का? नाही. दूध पिते? खूप. शी-शू? बरोबर. रडते कशी, जोरात की कण्हत? जोरात. निघाले कधी हे? आठ-दहा दिवस झाले.

"मुरुम हायेत," त्या म्हणाल्या.

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. "मुरुम? तान्ह्या बाळाला?"

"मंग काय सोळा वर्साचं व्हाची वाट पाह्यतात का ते?" त्यांनी रेवाची पाठ माझ्याकडे वळवली. "हे पाह्य. आंग साफ हाय. दाणे फक्त तोंडावर. नऊ महिने तुझ्या रक्तातले हार्मोन हिच्या अंगात जात होते. नाळ तुटली, पन त्याइचा असर अजून उतरला नाही. तोंडावरच्या तेलाच्या ग्रंथी त्यानं जाग्या झाल्या. त्या झोपल्या का मुरुम जाईन."

मग माझं बोट धरून त्यांनी मला शिकवायला सुरुवात केली, जणू मी त्यांची विद्यार्थिनी होते. नाकावरचे हे मोहरीहून बारीक पांढरे दाणे जन्मापासूनचे, ते मुरुम नव्हेत, तेही आपोआप जातात. मानेच्या वळीत बारीक लाल पुरळ आलं तर ते घामोळं, कपडे कमी कर. कातडी कोरडी, खरखरीत झाली आणि बाळ खाजेने बेचैन झालं तर ते आणखी वेगळं, डॉक्टरला दाखव. मुरुम मात्र दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्याच्या आगेमागे निघतात, तोंडावर निघतात. बाळ रडलं, तापलं की जास्त लाल दिसतात. बाळाला त्यांचा काही त्रास नसतो.

"त्रास कोनाले असते मालूम हाय? आजीले."

"मग लावायचं काय?"

"काहीच नाही. दिवसातून एकदा कोमट पाण्यानं तोंड धू, मऊ कपड्यानं टिपून घे. घासू नोको, फोडू नोको. तेल नोको, साय नोको, बेसन नोको. कोनाचे दोन हप्त्यात जातात, कोनाचे दोन-तीन महिने घेतात. डाग राहत नाही. काही न करनं हेच औषध हाय, आन घरच्याइले तेच सर्वात कठीण जाते."

मी शेंगदाण्यांचं विचारलं. त्या इतक्या हसल्या की रेवा दचकली. मग टेबलाशी बसून त्यांनी दवाखान्याच्या पर्चीवर स्वच्छ अक्षरात लिहिलं: "बाळाच्या तोंडास काहीही लावू नये. आईस पोटभर जेवू घालावे, शेंगदाण्यासह." खाली सही केली, शिक्का मारला. माझं ऐकलं नसतं ते सासूबाईंनी शिक्क्याचं ऐकलं. पाहुणे आले तेव्हा रेवाचा चेहरा तसाच होता, पण मी जेवले होते आणि मला त्याचं काही वाटत नव्हतं. दोन महिन्यांनी गाल पुन्हा लोण्यासारखे झाले.

रेवा दीड वर्षाची झाली तेव्हा दवाखान्यात पर्च्या लिहायला माणूस हवा होता. सिस्टरांनी निरोप पाठवला, आणि मी त्यांच्या हाताखाली रुजू झाले.

बाहेरून त्या जितक्या हसऱ्या, तितक्या रागाला वाईट. दवाखान्याच्या कोपऱ्यावर एक औषधाचं दुकान होतं. त्याचा मालक कुणालाही एक ट्यूब द्यायचा, "बच्चे के चेहरे के लिए बढ़िया है" म्हणून. ती लावली की दाणे दोन दिवसांत बसायचे आणि मग दुपटीने यायचे. एका बाळाच्या गालाची कातडी इतकी पातळ झाली होती की आतल्या बारीक शिरा दिसत होत्या. सिस्टरांनी ती ट्यूब उजेडात धरून बारीक अक्षरातलं स्टिरॉइडचं नाव वाचलं, माझ्याकडे पाहिलं, आणि तशाच कापडी बुटांनी तरातरा दुकानावर गेल्या. मी मागे धावले. दुकानात गर्दी होती. त्या शिस्तीत उभ्या राहिल्या. नंबर आल्यावर म्हणाल्या, "भैया, आपका पोता कितने दिन का हुआ?"

मालक खूश झाला. "महीना भर का, सिस्टर."

"मुँह पे दाने हैं?"

"हैं थोड़े."

सिस्टरांनी ट्यूब काउंटरवर ठेवली. "जाइए, लगा के आइए. मैं यहीं खड़ी हूँ."

दुकानदार हसला. त्या हसल्या नाहीत. तो ट्यूबकडे पाहत राहिला, मग हळूच ती उचलून खणात टाकली. त्यानंतर डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय ती ट्यूब त्या दुकानातून कुणाला मिळाली नाही. निदान सिस्टर होत्या तोवर तरी.

दुपारी आम्ही अंगणात डबा खायचो. त्यांच्या डब्यात बहुतेक ज्वारीची भाकर आणि तेल जास्त झालेलं वांगं असायचं. एकदा मी विचारलं, "सिस्टर, तुम्ही बायकांना एवढं समजावत का बसता? डॉक्टर तर दोन शब्दांत मोकळे होतात." त्यांनी घास संपवला आणि सांगितलं.

नवीन नर्स झाल्यावर त्यांची पहिली नेमणूक गोंदियाकडच्या एका लहान गावात होती. एक बाई बाळ घेऊन आली. तोंडावर दाणे. सिस्टर तेव्हा विशीतल्या, पुस्तकात वाचलेलं डोक्यात ताजं. त्यांनी पाहताक्षणी सांगितलं, "हे देवीसारखं दिसते. पोराले वेगळं ठेव, कोनाले हात लावू देऊ नोको." बाई घरी गेली. घरच्यांनी दाराला कडुनिंब बांधला, बाळाला अंधाऱ्या खोलीत ठेवलं आणि आईलाही जवळ जाऊ देईनात. चौथ्या दिवशी डॉक्टर फिरतीवर आले तेव्हा कळलं, साधे मुरुम होते. पण तोवर बाळ वरच्या पाण्यावर राहून वाळलं होतं आणि बाईचं दूध आटलं होतं.

"वाचलं का?"

"वाचलं. पन त्याच्या मायनं मले काय म्हटलं माहीत हाय? 'बाई, तुम्ही फक्त भेव घातलं.'" त्या डबा बंद करत म्हणाल्या, "तवापासून मले दोन गोष्टींचं भेव वाटते. न पाहता घाबरवनं, आन न पाहता धीर देनं. दोन्ही सारख्याच."

हे त्यांनी मला सांगितलं होतं. मला कुणी सांगितलंच नव्हतं, असं म्हणायची सोय नाही.

तीन वर्षं मी त्यांचं बोलणं ऐकलं. कोमट पाणी, मऊ कापड, काही लावू नका, आपोआप जाईल: सगळं मला तोंडपाठ झालं. ओळीत बसलेल्या बाया कधी कधी मलाच विचारायच्या आणि मी सांगायची. बरोबरच निघायचं. काही जणी मला "छोटी सिस्टर" म्हणू लागल्या होत्या. मला ते आवडायचं. पाहणं मात्र मी शिकले नव्हते. मी फक्त बोलणं शिकले होते.

उन्हाळ्याच्या सुरुवातीचा दिवस होता. सिस्टर सकाळी अकराला लसीकरणाच्या कॅम्पला गेल्या. बाराच्या सुमाराला एक बाई आली. नाव देवकी, नवरा शहराबाहेर उरल्याच्या कारखान्यांत, रोलिंग मिलमध्ये. दोन टेम्पो बदलून आली होती. साडीच्या काठावर तिकडची काळी धूळ. छातीशी कपड्यात गच्च गुंडाळलेलं बाळ, फक्त चेहरा बाहेर.

"सिस्टर हे का, दीदी?"

"नहीं हैं. क्या हुआ?"

"नोनी के मुँह म दाना निकले हे." नोनी म्हणजे इकडे लहान मुलगी.

माझ्यापुढे सात-आठ जणी उभ्या होत्या. मी टेबलापलीकडून मान उंचावून पाहिलं. गालावर लाल दाणे, पांढरी टोकं. मी उठलेदेखील नाही.

"मुँहासे हैं. छोटे बच्चों को होते हैं. कुछ मत लगाना, गुनगुने पानी से मुँह धोना. अपने आप ठीक हो जाएगा."

ती हलली नाही. "दूध घलो बने नइ पियत हे, दीदी. कल ले."

दूधही नीट पीत नाही, कालपासून. हे तिने मला सांगितलं. स्वतःहून सांगितलं. मी म्हणाले, "गर्मी है, होता है. सिस्टर भी यही कहेंगी." बाळ किती दिवसांचं, तेही मी विचारलं नाही. अकरा दिवसांचं होतं. पर्ची केली नाही, कारण मला ते दाखवण्यासारखं वाटलंच नाही. देवकी थोडा वेळ उभी राहिली, मग "हव" म्हणाली आणि गेली. तिच्या चेहऱ्यावर सुटका झाल्यासारखं हसू आलं होतं. ते हसू मला अजून दिसतं.

दोन दिवसांनी तिचा नवरा आला, सोबत मिलमधले तिघे. तो ओरडत नव्हता, त्याचा आवाजच फुटत नव्हता. मुलीला मोठ्या इस्पितळात भरती केलं होतं. पोटावर, काखेत, बेंबीच्या आसपास पुवाचे फोड होते, तिथून विष रक्तात गेलं होतं. "यहाँ की सिस्टर ने बोला मुँहासे हैं," तो म्हणाला. "हम घर में बैठे रहे दो दिन."

सिस्टर उठून उभ्या राहिल्या. त्यांनी पर्च्यांच्या रजिस्टरकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी मान खाली घातली. त्यांना एवढं पुरलं.

"बच्ची कहाँ है?" त्यांनी त्याला एवढंच विचारलं आणि पर्स उचलून त्याच्याबरोबर निघून गेल्या.

संध्याकाळी परत आल्या तेव्हा दवाखाना रिकामा होता. त्या खुर्चीवर बसल्या, बुटांची नाडी सोडली.

"कपडे काढले होते?"

"नाही."

"दूध पिते का, इचारलं होतं?"

"तीच सांगत होती."

त्यांनी डोळे मिटले. रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर मला सोपं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी संस्थेचे सेक्रेटरी आले. आम्हाला दोघींना आतल्या खोलीत बोलावलं. उरल्याचे लोक पुन्हा येतील, पेपरात येईल, संस्थेचं नाव जाईल, असं बराच वेळ बोलले. मग विचारलं, "किसने देखा था बच्ची को?"

मी तोंड उघडायच्या आत सिस्टर म्हणाल्या, "मैंने."

खरं तर माझं तोंड उघडलेलं नव्हतं. इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आले की मी बोलणारच होते, त्यांनी घाई केली. त्यांनी घाई केली नाही. प्रश्न आणि उत्तर यांच्यामध्ये पुरेसा वेळ होता. भिंतीवरचा पंखा खडखडत होता, तो मी ऐकत बसले होते. त्या कॅम्पला अकराला गेल्या आणि देवकी बाराला आली, हे त्या खोलीत फक्त आम्हा दोघींना माहीत होतं.

सेक्रेटरी म्हणाले, "सिस्टर, आपकी उमर हो गई है." सिस्टर म्हणाल्या, "जी." तेवढ्यावर त्यांची नोकरी संपली.

पायऱ्यांवर मी त्यांना गाठलं. म्हणाले, "सिस्टर, मी जाऊन सांगते त्यांना." पण मी ते अशा आवाजात म्हणाले की त्यांनी नको म्हणावं. त्यांना माणसाचा आवाजही ओळखता यायचा.

"काय सांगशीन? सांगशीन त उद्यापासून तू कोनत्याच पोराले हात लावनार नाही. भेत बसशीन जनमभर." त्यांनी चष्मा पुसला. "तुले मी ऐकू देल्लं, पाहू देल्लं नाही. तीन वर्सं पर्च्या लिहू देल्या. चूक माहीबी हाय." मग पायरी उतरून मागे वळल्या. "नर्सिंगचा फॉर्म भर. येत्या वर्षी भर."

त्यांच्या जाण्यानंतर ब्राह्मणपाऱ्यात बायका बोलायच्या. नजर गेली होती म्हणे त्यांची. म्हाताऱ्या माणसाच्या हाती कशाला पोरं द्यायची. बोलणाऱ्यांमध्ये अशा होत्या, ज्यांच्या स्वतःच्या दोन-दोन पोरांना सिस्टरांनी अंगणात उजेडात धरून पाहिलं होतं. एक तर सिस्टरांच्या आडनावावरूनही बोलली, जे आधी कधी कुणी बोललं नव्हतं. मी समोर बसून पर्च्या लिहीत होते. एकदा तर मी "हो ना" म्हणाले. ऐकणाऱ्या बाईने त्याचा काही विचारही केला नसेल. मला तो शब्द दिवस-वेळेसकट आठवतो.

देवकीची मुलगी महिनाभर इस्पितळात होती. वाचली. पण विष उजव्या खुब्याच्या सांध्यात उतरलं होतं, आणि मुलगी पुढे चालायला लागली ती पाय ओढत. हे मला ऐकून माहीत होतं. पाहायला मी गेले नाही.

नर्सिंगचा फॉर्म मी भरला. आज मी नवजात बाळांच्या वॉर्डात काम करते. प्रत्येक बाळाचे सगळे कपडे काढायला लावते, आया वैतागतात. मुरुम आहेत हे मला आता लांबूनही कळतं, तरी मी जवळ जाते. नव्या पोरींना पहिल्याच दिवशी सांगते: तोंडावरचे दाणे, बाळ नीट पितं, ताप नाही, आंग साफ, तर आईला धीर द्या आणि घरी पाठवा. पाण्याचे, पुवाचे फोड दिसले, बाळ दूध सोडून सुस्त झालं, आंग तापलं किंवा गार पडलं, तर एक मिनिट थांबू नका. सांगताना मला कुणी विचारत नाही की हे तुम्ही कुठे शिकलात. विचारलं तर काय सांगेन, ते ठरलेलं नाही.

सिस्टर वारल्याचं मला सातव्या दिवशी कळलं, त्याच कोपऱ्यावरच्या दुकानात. मालक म्हणाला, "वो आपकी सिस्टर नहीं रहीं." त्याच्यामागे काचेच्या कपाटात ती ट्यूब पुन्हा ओळीने मांडलेली होती.

त्यानंतरच्या रविवारी मी उरल्याला गेले. विचारत विचारत देवकीचं घर शोधलं. तिने मला लगेच ओळखलं. खाट टाकली, पाणी दिलं. मी सगळं बोलून टाकलं: त्या दिवशी मी होते, सिस्टर नव्हत्या, मी उठलेही नाही. ती ऐकत होती. मला वाटलं ती ओरडेल.

"मोला मालूम हे, दीदी," ती म्हणाली. मला माहीत आहे. "तोर मुँह ला देखे रहेंव न."

माझं तोंड तिने पाहिलं होतं. ती कशी विसरणार? इस्पितळात पहिल्याच दिवशी तिने सिस्टरांना सांगितलं होतं की तुम्ही नव्हता, ती दुसरी दीदी होती. सिस्टर तिला म्हणाल्या होत्या, "उसका नाम किसी को मत बताना. अभी सीख रही है." आणि पुढे जवळजवळ पाच वर्षं, दर गुरुवारी, त्या मुलीला पायाच्या व्यायामासाठी इस्पितळात घेऊन जात होत्या, कारण देवकीला रोजी सोडून जाता यायचं नाही.

"तैं नइ आए," देवकी म्हणाली. तू आली नाहीस. तिच्या बोलण्यात राग नव्हता, जे झालं ते ती सांगत होती. "सिस्टर पूछय कभू-कभू, वो आइस का?" सिस्टर कधी कधी विचारायच्या, ती आली होती का.

मी त्यांना शेवटचं पाहिलं होतं ते याच्या दीडेक वर्ष आधी. कोर्स संपून मला नोकरी लागली होती, नवीन स्कूटी घेतली होती. मोठ्या इस्पितळासमोरच्या सिग्नलला मी थांबले होते. समोर फाटकाशी एक ऑटो येऊन उभा राहिला आणि त्यातून गजभिये सिस्टर उतरल्या. वाळल्या होत्या. पांढरी साडी, तेच कापडी बूट. त्यांनी आत हात घालून एका मुलीला उतरवलं, चार-साडेचार वर्षांची, दोन वेण्या, निळा फ्रॉक. ऑटोवाला निघून गेला. इस्पितळाच्या दाराला उतरती फरशी होती, ती चढताना मुलगी उजवा पाय ओढत होती आणि तोंडाने काहीतरी अखंड बडबडत होती. सिस्टर तिच्या चालीने चालत होत्या, पाऊल टाकून थांबायच्या, ती आली की पुढचं टाकायच्या. मध्येच वाकून त्यांनी तिचं ऐकलं आणि मोठ्याने हसल्या. ते हसणं रस्त्याच्या या बाजूला माझ्यापर्यंत आलं.

हाक मारली असती तर त्यांनी वळून पाहिलं असतं. मी हेल्मेटची काच खाली ओढली. दिवा हिरवा झाला, मागच्यांनी हॉर्न वाजवले, आणि मी गाडी पुढे काढली.